ट्रफलचे स्वप्न, तणनाशकाची बाटली आणि आमचा बांध



गेल्या महिन्यात पुण्याला गेलो होतो. काम पुतण्याच्या दाखल्याचे. ते अकरा वाजताच ‘साहेब रजेवर आहेत’ या तीन शब्दांत संपले. गाडीला वेळ होता. शिवाजीनगरला एका सभागृहाबाहेर शेतीवरच्या व्याख्यानाची पाटी दिसली. प्रवेश मोफत, चहा मोफत. आत जाऊन बसलो.

व्यासपीठावर कोटातले एक साहेब. पडद्यावर परदेशातले चित्र : झाडाखाली कुत्रे माती उकरते आहे आणि मालक त्याच्या तोंडातून बटाट्यासारखे काळे, खरबरीत काहीतरी काढून घेतो आहे. साहेब म्हणाले, ‘याचं नाव ट्रफल. जमिनीखाली येणारी अळंबीच. किलोचा भाव हजारात नाही, लाखाच्या घरात बोला.’ सभागृहात सुस्कारा निघाला. रोपे ते देणार, पैसे आगाऊ, सात वर्षांनी माल, खरेदीची हमी.

मी उठून विचारले, ‘साहेब, सात वर्षं त्या झाडांखालचं तण कोण काढणार? तणनाशक मारलं तर खालची बुरशी जगते का?’

साहेब हसले. ‘काही होत नाही. तणनाशक हिरव्याला मारतं. बुरशी कुठं हिरवी असते?’

तेवढ्यात व्यासपीठावरचे दुसरे गृहस्थ, खादीचा झब्बा घातलेले, माईक ओढून म्हणाले, ‘एक थेंब जरी पडला तरी माती मेली म्हणून समजा. आजोबांसारखं खुरपं हातात घ्या.’ टाळ्या पडल्या. पुढचा प्रश्न चिठ्ठीवर आला आणि माझा प्रश्न तिथेच राहिला. चहा मात्र घेतला, खोटे कशाला बोलू.

वाकडेवाडीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना डोके तापले होते. दोघांची उत्तरे एकमेकांच्या उलटी, पण दोघेही सारखेच निर्धास्त. ज्याचे पीक जाणार नाही आणि ज्याची कंबर मोडणार नाही, त्यालाच असे निर्धास्त बोलता येते. म्हणून हा लेख.

आधी ट्रफलचा निकाल लावून टाकू, म्हणजे कुणी उगाच गाय विकून रोपे आणायला नको. जट्रोफा आला, सफेद मुसळी आली, इमू आला आणि २०१२ मध्ये त्या कंपन्या गडगडल्यावर पक्ष्यांना खायला घालायचे कुणी हा प्रश्न राहिला. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीने सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना रडवले. प्रत्येक वेळी आगाऊ पैसे आमचे आणि हमी त्यांची. ट्रफल ही खरी वस्तू आहे, फ्रान्स-स्पेन-इटलीत खरोखर पिकते. ती ओक किंवा हेझेल अशा झाडांच्या मुळांवर राहते, झाडाकडून साखर घेते आणि झाडाला पाणी व खनिजे पोचवते. काळ्या ट्रफलला चुनखडीची, विम्लतेकडे झुकलेली जमीन लागते. हे ऐकून आमच्यातला एखादा लगेच म्हणेल, मग आमचे काळे रान काय वाईट? चुन्याचे खडे तर नांगराला लागतात. बाबा रे, चुना आहे, पण ओक कुठे आहे, हिवाळ्याची कडक थंडी कुठे आहे, आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तडकलेल्या भेगांतून ती बुरशी काय श्वास घेणार? नाद सोडा.

पण सभेतला प्रश्न सोडू नका. तो ट्रफलचा नव्हताच, तो आपला आहे.

युरोपात ट्रफलच्या बागा लावणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडलेला आहे, आणि त्यांचा अनुभव साहेबांना आणि झब्बेवाल्यांना दोघांनाही अडचणीत आणणारा आहे. रोपे लहान असताना त्यांचा मोठा शत्रू गवत. ते पाणी पिऊन टाकते, रोप खुरटते आणि मुळे वाढली नाहीत तर बुरशीला राहायला घरच मिळत नाही. म्हणून तिकडचे शेतकरी पहिली काही वर्षे खुरपतात, हलकी मशागत करतात, आच्छादन घालतात, आणि बरेच जण झाडाच्या बुंध्याला जपून ग्लायफोसेटही मारतात. तेवढ्याने बागा मेल्या नाहीत. म्हणजे ‘एक थेंब आणि माती मेली’ हे खरे नाही.

पुढची गंमत ऐका. ट्रफल मुळांवर नीट बसली की ती स्वतःच झाडाभोवतीचे गवत मारायला लागते. झाडाखाली भाजल्यासारखे उघडे वर्तुळ दिसते. फ्रेंच शेतकरी त्याला ‘ब्रूले’ म्हणतात, म्हणजे जळलेले. ते दिसले की खाली बुरशी वाढते आहे असे शेतकरी समजतो आणि कुत्रे घेऊन फिरायला लागतो. बुरशी आपले तणनाशक आपणच तयार करते, बाटलीवर दुकानदाराचा शिक्का नसतो एवढेच.

आता साहेबांचे ‘हिरव्याला मारते’. हे अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडते. ज्वारीत पेरणीनंतर लगेच मारायची शिफारस वर्षानुवर्षे होती ते ॲट्राझिन पानाचे अन्न तयार करण्याचे काम बंद पाडते. बुरशी तसे अन्न तयार करतच नाही, म्हणून त्या बाबतीत साहेबांचे म्हणणे चालू शकेल. ग्लायफोसेटचे तसे नाही. १९७४ पासून बाजारात असलेले हे औषध वनस्पतीच्या शरीरातला एक ठरावीक रस्ता अडवते, ज्या रस्त्याने ती काही आवश्यक घटक बनवते. हा रस्ता माणसात आणि जनावरात नाही, हे कंपन्या मोठ्याने सांगतात. तोच रस्ता बुरशीत आणि जिवाणूंत आहे, हे हळू सांगतात. म्हणजे बुरशी हिरवी नसली तरी या औषधाच्या टप्प्यात येते.

मग रानातली सगळी बुरशी मरते का? नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, आमची चिकण काळी माती तर त्याला धरूनच ठेवते. जमिनीत पडलेल्या औषधापेक्षा पानातून मुळात उतरलेले औषध महत्त्वाचे. आणि त्याहूनही महत्त्वाची साधी गोष्ट म्हणजे मूळ मेले की मुळावर जगणारी बुरशी उपाशी पडते. विषाने मरो की उपासाने, तिला काय फरक?

इथे कापूस-ज्वारीवाल्याने कान टवकारायला हवेत. ट्रफल आपल्या रानात नाही, पण तिची जातभाई म्हणावी अशी मुळांवरची बुरशी आपल्या ज्वारीच्या आणि कापसाच्या मुळांत आहे. डोळ्यांना दिसत नाही, बाजारात विकत नाहीत. तिचे धागे मूळ जिथे पोचत नाही तिथून स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. आमच्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असून नसल्यासारखे असते, पोत्याने टाकलेलेही चुन्याशी बांधले जाते. हे धागे म्हणजे बिनपगारी हमालच. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असली तर कुंडीत कोणते पीक लावतात? बहुतेक वेळा मका नाहीतर आपली ज्वारी. ज्या पिकाला ‘मागासांचे पीक’ म्हणून हिणवले, त्याच्या मुळांना बुरशीचे एवढे प्रेम आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड नावाचा प्रांत आहे. तिथेही आमच्यासारख्या काळ्या भेगाळ जमिनी, तिथेही ज्वारी आणि कापूस. तिकडचे शेतकरी पाणी साठवायला रान वर्षभराहून जास्त काळ पड ठेवत आणि तणाचे एक पानही उगवू देत नसत. पाणी साठे, पण पुढचे पीक कित्येकदा खुरटे, स्फुरदाची कमतरता असल्यासारखे येई. १९८७ मध्ये तिथल्या संशोधकांनी कारण दाखवून दिले : इतके दिवस जिवंत मूळच नव्हते, म्हणून मुळांवरची बुरशी घटली होती.

आता प्रामाणिकपणे बोलू. रान उघडे ठेवायचा गुन्हा एकट्या तणनाशकाचा नाही. सोलापूर-नगरकडे रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान पड ठेवतात आणि पाळीवर पाळी घालतात. ते चार महिन्यांचे असते, वर्षाचे नव्हे, आणि पाण्यासाठी ते करावेच लागते. पण वखरानेही मूळ मरते आणि धागा तुटतो. म्हणून वखर पवित्र आणि पंप पापी, असा हिशेब मला मान्य नाही. फरक एवढाच की बैलाचे कोळपे ओळीच्या मधून जाते, बांधावर चढत नाही. पंप बांधावर चढतो.

बांधाचे सांगतो. आमच्या पूर्वेच्या बांधावर एक वारूळ होते. आषाढात दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि ऊन-सावली सुरू झाली की आई पहाटे टोपली घेऊन जायची. भुईफोड आलेले असायचे. विदर्भात सात्या म्हणतात, कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी. आई ओढून काढायची नाही, बुडाशी हलक्या हाताने मोडायची, आणि वारुळाला पाय लावला तर पाठीत धपाटा. तेव्हा वाटायचे नागोबाची भीती आहे. पुढे कळले की ही अळंबी पेरते वाळवी. वाळवी काडीकचरा, धसकटे, वाळके गवत चावून वारुळात आणते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. तिची शेती आपल्या शेतीच्या आधीची आहे. माणसाला अजून ही अळंबी बटनासारखी पिकवता आलेली नाही. वारूळ गेले की अळंबी गेली.

बांधावर तणनाशक मारायला मी सुरुवात केली त्याला सहा पावसाळे झाले. हराळी आणि गाजरगवताने जीव खाल्ला होता. आज बांध स्वच्छ आहे, भुईफोड नाही. तणनाशकामुळे गेले का? वारूळच आतून सुने झाले आहे. त्याच काळात वाळवीसाठी मी क्लोरोपायरीफॉसही ओतले, शेजाऱ्याने जेसीबी लावून बांध सरळ केला, गवत नाही म्हणून काडीकचरा नाही. यातले खरे कारण कोणते ते मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. आमच्या बांधावर मोजायला कुणी आलेले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे, १९८३ पासून देशभर चाललेल्या समन्वित प्रकल्पातले. तिथे धिंगरी शिकवतात, कडब्यावर, सोयाबीनच्या भुसावर, गव्हाच्या काडावर. चांगले शिकवतात, आमच्या गावच्या दोन मुली शिकून आल्या. माझे मागणे एवढेच की ज्या काडावर धिंगरी लावायची त्या काडावर आधी कोणती औषधे पडली होती, आणि त्याने उतारा घटतो की नाही, हेही शिकवा. इंग्लंडमध्ये २००८ साली कुरणावर मारलेले एक तणनाशक गवतातून जनावरात, जनावरातून शेणखतात आणि शेणखतातून परसातल्या टोमॅटोत उतरले आणि झाडे वेडीवाकडी झाली. काडीतून औषध किती लांब जाते ते यावरून समजा.

गाजरगवताचे नाव निघाले म्हणून एक आठवण पुणेकरांना करून द्यावी. हे तण या देशात ठळकपणे नोंदले गेले ते पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे म्हणतात. ते देशभर पसरले, आमच्या बायकांच्या हातांना खाज आणि जनावरांच्या दुधाला कडूपणा देऊन गेले. १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकोचे भुंगे सोडून ते आवरायचा प्रयत्न झाला. भुंगे पावसाळ्यात पाने खातात, पण गवत उरतेच. मग ते काढायचे कुणी? तर ‘खुरपं हातात घ्या.’

या खुरप्याबद्दल झब्बेवाल्या गृहस्थांना एक सांगायचे राहिले. आजोबांनी खुरपे कधी हातात धरले नाही. ते आजीच्या हातात होते. मग आईच्या, आता बायकोच्या आणि रोजाने येणाऱ्या बायांच्या. चिखलात उकिडवे बसून दिवसभर पुढे सरकायचे, पाठीवर पोत्याचा घोंगता, पाण्यात राहून पायाच्या बोटांत चिखल्या. आषाढात आठ दिवस पावसाची झड लागली की कोळपे चालत नाही, बाया मिळत नाहीत, आणि तण कपाशीच्या डोक्यावर जाते. अशा वेळी जो माणूस पंप उचलतो तो मातीचा वैरी नसतो. घरच्या बाईची कंबर आणि पोराची फी यांचा हिशेब त्याने केलेला असतो. त्याला पापी ठरवायचे असेल त्याने आधी एक सऱ्या पुरी करून दाखवावी.

आणि तरीही तण म्हणजे निव्वळ घाण नव्हे, हे बायांनाच ठाऊक आहे. खुरपता खुरपता त्या ओट्यात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डूची कोवळी पाने वेगळी काढतात. भूमिहीन बाईची संध्याकाळची भाजी आमच्या रानातून जाते आणि आम्हाला त्याचा पत्ताही नसतो. फवारलेल्या बांधावरून तिने भाजी खुडली, शेळीने पाला ओरबाडला, तर तिला सांगणार कोण? कालच फवारले अशी चिंधी काठीला बांधायलाही आपण विसरतो. मीही विसरलो आहे.

आता सरकारची शहाणपणाची गोष्ट. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावे. पुण्या-मुंबईत झुरळे मारायला असे लोक फोन केला की येतात. आमच्या तालुक्यात तो मनुष्य कुठे राहतो, हे अधिसूचनेत लिहिले नव्हते. त्याआधी मे २०२० मध्ये सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा आला, त्यात पेंडीमिथॅलीन, ॲट्राझिन, २,४-डी ही आमच्या रोजच्या वापरातली तणनाशके होती. मसुद्यात पर्यायाने होणाऱ्या खुरपणीची मजुरी कोण देणार याची ओळ नव्हती. दुसरीकडे तणनाशक सोसणाऱ्या कपाशीचे बी परवानगी नसताना गावोगाव पोचले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले. पण उघड पेरणारे थोडे, चोरून घेणारे पुष्कळ. चोरून घेतलेल्या बियाला पावती नाही. पावती नाही म्हणून उगवले नाही तर दाद नाही, आणि कुठले औषध किती मारायचे ते सांगणारा एकच, दुकानदार. बंदीने तणनाशक थांबले नाही, फक्त माहिती थांबली.

माहिती थांबली की काय होते ते माझ्या रानात पाहा. तीन वर्षांपूर्वी वाऱ्याच्या दिवशी शेजारच्या उसात २,४-डी फवारले गेले. पाच दिवसांत माझ्या दीड एकर कपाशीची पाने चिरत गेली, भेंडीच्या पानासारखी बोटे निघाली, पात्या गळाल्या. कपाशी या औषधाला किती नाजूक आहे हे शेजाऱ्याला कुणी सांगितले नव्हते, मला नुकसान झाल्यावर कळले. दुकानात जाऊन विचारले तर उत्तर मिळाले, ‘व्हायरस आहे, हे टॉनिक मारा.’ पुढच्या वर्षी माझ्याच पोराने तणनाशकाचा पंप न धुता कपाशीवर मावा-तुडतुड्याचे औषध मारले आणि चार ओळी तशाच वाकड्या झाल्या. तेव्हा शेजाऱ्यावरचा राग निम्मा उतरला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे गेली, ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण पंप तोच, नाकातोंडाला गुंडाळलेला रुमाल तोच, आणि बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरेही तीच.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. तणनाशकावर बंदी घाला असे त्यात नाही, आणि तणनाशक निर्धोक आहे असेही नाही. अकोला, परभणी, राहुरीच्या विद्यापीठांनी आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने आमच्या कोरडवाहू रानावर, आमच्या बांधावर, शेतकऱ्याला बरोबर घेऊन पट्टे पाडावेत : एक खुरपलेला, एक कोळपलेला, एक फवारलेला, एक आच्छादन घातलेला. उतारा मोजावाच, पण मुळांवरची बुरशीही मोजावी, खर्च मोजावा आणि बाईचे दिवस मोजावेत. निकाल मराठीत, गावच्या पाटीवर लागावा. बाटलीवर शेजारच्या कोणत्या पिकाला धोका आहे हे मोठ्या अक्षरात मराठीत असावे. आणि जे बी चोरून विकले जाते त्याचा निर्णय, होय की नाही, उजेडात व्हावा.

निकाल यायला वेळ लागेल, तोवर आपण हात बांधून बसायचे कारण नाही. मी यंदा पूर्वेच्या बांधावर पंप नेणार नाही, नुसते विळ्याने गवत कापून तिथेच टाकणार आहे. पश्चिमेचा बांध पूर्वीसारखाच फवारणार. दोन्हीकडे काय येते ते पाहू. तणनाशकाचा पंप वेगळा केला आहे, त्याला लाल पट्टा मारला आहे. ज्यांच्या रानात अजून जिवंत वारूळ आहे त्यांनी पहिले भुईफोड कोणत्या दिवशी आले, किती आले, आणि त्या बांधावर गेल्या दोन वर्षांत काय काय फवारले, एवढे लिहून बैठकीला आणावे. वही नसेल तर कॅलेंडरच्या पानावर लिहा आणि ते पान फाडून आणा. घरातल्या बाईला विचारून लिहा, तारीख तिलाच आठवत असते.